सावंतकाकूंच्या साडीची पट्टी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आणि आईला मी काय सांगत नाही? बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, तरी घरी येऊन सांगते. पण हे — हे नाही.

मी तेव्हा मायक्रोबायॉलॉजी शिकत होते. नाहूरला सावंतकाकूंच्या भाजीच्या वाडीत शेजारच्या गोदामातलं डिझेल झिरपलं होतं. जमीन सुधारतेय का, हे बघायची आमची कॉलेजातली रीत साधी होती: सुती कापडाच्या पट्ट्या पुरायच्या, काही आठवड्यांनी काढायच्या. मातीतले जंतू जिवंत असले तर कापड खातात. नसले, तर कापड जसंच्या तसं. पट्ट्यांसाठी काकूंनी स्वतःची जुनी साडी दिली — जांभळी, फुलाफुलांची.

काढायच्या दिवशी त्यांनी अख्खी चाळ गोळा केली. मी मुळात लाजाळू; चार माणसांसमोर माझं मराठी तोंडातच विरतं. वाडीच्या कडेची पट्टी काढली — नुसती जाळी! काकू ओरडल्या, “खाल्ल्यान गो! जमनीन माझी साडी खाल्ल्यान!” सावंतकाका म्हणाले, “मी घेतलेली ना, म्हणून चवीची!” सगळे हसले. मीही.

मग मधली. मातीत हात घातला आणि बोटांना कळलं — कापड शाबूत. पुन्हा शिवायला घ्यावं इतकं. सांगायचं केवढं होतं? मध्ये एवढ्यात पेरू नका, बस्स. पण सगळे वाकून बघत होते. आणि मी — मातीतल्या मातीत, दोन्ही हातांनी — ते फाडलं.

टाळ्या पडल्या. मला पेढा मिळाला. खरं सांगू? गोड लागला.

कॉलेजात आमच्या बाईंना मात्र मी खरं सांगितलं, इंग्रजीत, घडाघडा. काकूंना सांगितलंस ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

काकूंनी वाडीभर मेथी पेरली. मधली सगळी पिवळी पडून गेली. घर त्या भाजीवर चालायचं. मग त्या थेट मुलुंडच्या बियाणेवाल्या नानजीभाईंकडे निघाल्या. शिकलेली पोरगी सोबत हवी म्हणून मलाही ओढून नेलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत — “सडका बियाणा विकतंस माका?”

नानजीभाई माझ्याकडे वळले. “तुम्ही तरी सांगा ना यांना, बेन.”

मी हातातल्या पिशवीचे बंद नीट करत राहिले.

पुढे जमीन खरंच सुधारली. हल्ली मेथी झकास येते, काकू आम्हाला जुड्या पाठवतात. नानजीभाईंच्या दुकानासमोरून जाताना त्या अजून तोंड फिरवतात, शेजारणींनाही तिथून काही घेऊ देत नाहीत.

नानजीभाईंचं बी चांगलं होतं.