सेवकरामची आयर्लंडची वही

कोंढ्यात कुणालाही विचारा, आयर्लंड कुठे आहे, तर तो सेवकराम शहारेच्या घराकडे बोट दाखवील. यात चेष्टा आहे, पण खोटं काही नाही. त्या देशाबद्दल सेवकरामइतकं अख्ख्या पवनी तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि त्या ठाऊक असण्यानंच त्याचा घात केला.

सेवकराम जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, स्टोअरमध्ये होता. माल आला की आधी नोंद, मग बाकी जग. चौतीस वर्षांत हा स्वभाव त्याच्या हाडात मुरला. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्याची एकुलती एक लेक तृप्ती शाळेत होती. शाळेतला नकाशा बदलायला सरकारनं दोन वर्षं घेतली. सेवकरामनं त्याच संध्याकाळी क्वार्टरच्या भिंतीवरचा नकाशा उतरवला आणि ब्लेडनं गोंदिया कापून काढला. असला माणूस बापाच्या जागी चांगला असतो, नवऱ्याच्या जागी जरा जड जातो.

रिटायर होऊन तो बायको लीलाबाईसह गावी कोंढ्याला आला, आणि वर्षभरात तृप्तीला आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात नर्सची नोकरी लागली. २०१४च्या नोव्हेंबरात ती निघाली. विहारात वंदना झाली, खीर वाटली गेली, सेवकरामनं छोटंसं भाषणही ठोकलं. गाडी आली आणि लीलाबाई अंगणात मातीतच बसली. ती मोठ्यानं रडायला लागली, तशा शेजारच्या शकुनबाई आणि कलाबाईही तिच्याजवळ टेकल्या. सेवकरामला चारचौघांत लाज वाटली.

"ऊठ," तो म्हणाला. "घरात मयत झाली का?"

लीलाबाई उठली, पदरानं तोंड पुसलं, आणि हात हलवून लेकीला निरोप दिला. पुढे ती कुणासमोर रडली नाही.

तृप्ती गेली आणि सेवकरामनं दोनशे पानी रजिस्टर आणलं. लेक जिथं राहते तो देश म्हणजे नवा माल, त्याची नोंद नको का? वर नाव घातलं, 'आयर्लंड : लोक, इतिहास, उद्योगधंदे'. जे सापडेल ते वहीत गेलं. भंडाऱ्याच्या वाचनालयातली पुस्तकं, मोबाइलवरच्या बातम्या, तृप्तीनं फोनवर सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी. माणसांपेक्षा गुरं जास्त. पाऊस रोज, पण धान नाही. चहा आपल्यापेक्षा जास्त पितात. स्वतःची भाषा शाळेत शिकतात, घरी फारसे बोलत नाहीत. पूर्वी पोटासाठी परदेशी जात, मग बाहेरच्या औषधांच्या आणि कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या आणि लोक परतले. मग २००८ला सगळं कोसळलं आणि पोरं पुन्हा बाहेर पडली.

लीलाबाईला अक्षरओळख नव्हती. रोज संध्याकाळी ती सुपात तांदूळ निवडायची आणि तो वाचून दाखवायचा. तिथले लोक ओल्या दलदलीतली माती कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात, हे ऐकून तिनं सूप खाली ठेवलं होतं. "माती जळते?" तिनं विचारलं, आणि नवरा आपल्याला बनवतोय असं समजून दोन दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही. शेवटी तृप्तीनं जळत्या शेगडीचा फोटो पाठवला तेव्हा तंटा मिटला.

दुष्काळाचं पान मात्र तिला एका वाचनात कळलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथला गरीब फक्त आलूंवर जगायचा. आलू जमिनीत सडले, दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि त्याच वर्षांत त्याच बंदरांतून धान्य भरलेली जहाजं इंग्लंडला जात होती. लीलाबाईला हे नवं नव्हतं. तिचा सासरा चिंधू जन्मभर पाय ओढत चालला. मालक मजुरीत लाखोळी द्यायचा, घरात दुसरं काही नसायचं, महिनोन्महिने तीच डाळ खाऊन त्याचे पाय गेले.

"गरिबाले एकच खायले ठेवाचं," ती म्हणाली, "आन् मंग तेच त्याच्यावर उलटाचं."

सेवकरामनं हे वाक्य तिच्या नावानं वहीत उतरवलं. दुसऱ्या कुणाचं वाक्य त्यानं तिथं असं नावानिशी लिहिलेलं नाही.

एक पान मात्र त्यानं तिला वाचून दाखवलं नाही. त्या काळी आयर्लंडच्या गावांतून पोर अमेरिकेला निघालं की आदल्या दिवशी सगळं गाव त्याच्या घरी जमायचं. मढ्याजवळ बसतात तसं बसायचं, गायचं, मोठ्यानं रडायचं. माणूस जिवंत असायचं, पण आईबापांना ते पुन्हा दिसणार नसायचं, म्हणून मयत आधीच करून घ्यायची. सेवकरामनं ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि पान उलटलं.

२०१९च्या जुलैत, एकाच आठवड्यात, त्याच्या वहीत दोन नोंदी आल्या. तृप्तीची तिथली पाच वर्षं नोव्हेंबरात भरणार होती, मग नागरिकत्वाचा अर्ज. आणि बातमी आली, तिथल्या कोर्टानं निकाल दिला होता की अर्जाआधीच्या शेवटच्या वर्षात माणसानं एक दिवसही देशाबाहेर जाता कामा नये. ही पहिली नोंद. दुसरी, लीलाबाईच्या पोटातल्या गाठीची. नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सेवकरामला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, आता घरीच सांभाळा.

त्यानं तृप्तीला काही कळवलं नाही. व्हिडिओ कॉल आला की लीलाबाईला उशीला टेकवून बसवायचा, चेहऱ्याला पावडर लावायचा, खांद्यावर जाड शाल टाकायचा. आई बारीक दिसते, असं तृप्ती म्हणाली तर उन्हाळा सोसला नाही, असं सांगायचा. लीलाबाईनं आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. आता ती रोज एकच मागायची, तिले एक डाव येऊ द्या. तो म्हणायचा, चारच महिने थांब, पोरीच्या जन्माचं कल्याण आहे.

"मले चार महिने आहेत का, ते डाक्टरले पुसा ना," ती एकदा म्हणाली.

त्यानं विचारलं नाही. त्याला उत्तर ठाऊक होतं.

ऑक्टोबर सरता सरता, शिवारात धानाची कापणी चालू असताना, लीलाबाई गेली. शेवटचे दोन दिवस ती दाराकडे तोंड करून होती. तृप्तीला फोन गेला तो माती झाल्यावर.

ती चौथ्या दिवशी येऊन उभी राहिली. आणि हा माणूस, ज्याचं मला कौतुकही वाटतं आणि संतापही येतो तो, दारात लेकीला बघून काय म्हणाला, तर "तू कायले आली? तुहं वर्ष तुटलं ना."

कसलं वर्ष, हे तिला त्या घडीला कळेना. मग आईच्या खाटेखाली तिला ते रजिस्टर सापडलं. डाव्या पानावर कोर्टाचा निकाल, उजव्या पानावर रिपोर्टची तारीख. तिनं दोन्ही वाचलं, पुन्हा वाचलं.

"मी आली असती, बाबा," ती म्हणाली. "कोर्टानं नाही म्हटलं तरी आली असती. आता आलीच ना?"

मग आईचं पुण्यानुमोदन झालं, लोक आले-गेले, बापलेक जेवणापुरतं बोलत राहिले. निघायच्या दिवशी सकाळी तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला होता. वर्षात काही आठवडे बाहेर राहिलं तर चालतं, आधी चालत होतं तसंच. सेवकरामनं बातमी शेवटपर्यंत वाचली. ती काही त्यानं वहीत उतरवली नाही.

तो उठला आणि अंगणात स्वतः सतरंजी अंथरली. शकुनबाई, कलाबाई निरोपाला आल्या, त्यांना बसवलं. मग वही उघडून लीलाबाईला वाचून न दाखवलेलं ते पान, जिवंत माणसाच्या मयतीचं, अथपासून इतिपर्यंत वाचलं. स्टोअरमध्ये मालाची यादी वाचावी तसा त्याचा आवाज होता.

"तुह्या मायले हे न वाचता ठाऊक होतं," तो तृप्तीला म्हणाला. "ती बसली होती येथंच. मी उठोवलं तिले."

तृप्ती सतरंजीवर बसली आणि आई गेल्यापासून अडवून धरलेलं सगळं रडली. सेवकरामही रडला. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवून पाहिला आणि मग इंजिन बंद केलं. शेवटी तृप्तीच उठली, बापाच्या पाया पडली, गाडीत बसली. गाडी पवनीच्या रस्त्याला लागली तरी सेवकराम खालीच बसून होता.

शकुनबाई त्याला हात द्यायला पुढे झाली. कलाबाईनं तिचा पदर धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याले नको उठवू."