पत्रीवाला येऊन गेला

आमच्या थोरल्या दादांना चार पायांवर उभं असलेलं प्रत्येक जनावर बैलच वाटतं. जन्म बैलांत गेला त्यांचा, त्यामुळे त्यात नवल नाही. मी मात्र फौजेत अठरा वर्षं खेचरं सांभाळली. निवृत्त होऊन कोरेगावजवळच्या आमच्या घरी आलो आणि हौस म्हणून दोन वर्षांची घोडी घेतली.

अंगाला हात लावू द्यायची, पण हात पायाकडे वळला की उधळायची. घोड्याचं सगळं आयुष्य पळण्यावर. पाय दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे जीवच देणं. ते जबरदस्तीनं होत नाही. पहिला महिना मी नुसता खांद्यापासून गुडघ्यापर्यंत हात फिरवला. मग गुडघ्याखालच्या नळीवरून खाली, मग खुरावर टिचकी. ‘दे’ म्हटलं की तिनं पाय उचलायचा, मी क्षणभर धरायचा आणि तिनं ओढायच्या आत सोडायचा. धरण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं. तीन महिन्यांनी ती चारही पाय द्यायला लागली, मागचा उजवा तेवढा कुरकुरत. पुढचा खूर कानशीनं घासत असलो की माझ्या पाठीवर हनुवटी टेकून उभी राहायची. मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मुलगी सांगलीला विश्रामबागेत कॉलेजला. तिला ताप भरला म्हणून तीन दिवस तिकडे जावं लागलं. निघताना दादांना बजावलं, “चंदी-पानी तेवढं बघा. पायाला हात लावू नका.”

“व्हय रं, जा निवांत,” ते म्हणाले.

परत आलो तर चारही खुरांना नाल. नळ्यांवर दोराचे काचे, डोळ्यावरची कातडी सोललेली. बैलांना पत्री, म्हणजे नाल, ठोकणारा पत्रीवाला गावात आला होता. आमच्याकडे बैलाला दोरानं पाडून, पाय बांधून पत्री मारतात. दादांनी त्याच फेरीत तिलाही पाडून घेतलं होतं.

“आवं दादा, घोडी हाय ती, बैल न्हाई! सांगून गेलो हुतो न्हवं?”

“आरं, त्यो परत कवा येनार? तुजंच काम केलं की,” दादा हसत म्हणाले. “लय शानी केलीस गड्या तिला. मी नुस्तं ‘दे’ म्हनलं, तर पाय उचलून हातात! लगीच कासरा टाकला.”

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. इथं सख्खा भाऊ, शब्द मी शिकवलेला, आणि आपलं काही चुकलं असं त्याच्या गावीही नाही. राग गिळून मी विचारलं, “पन तिनं तुमाला जवळ येऊ कसं दिलं?”

“कुठं देत हुती! मग खुंटीवरची तुजी जर्सी घातली. तुज्या वासानं गप हुबी ऱ्हायली.”

मी गोठ्यात गेलो. मान पुढे करून तिनं माझी बाही हुंगली. मग कान मागे पाडले आणि सरकत सरकत पार भिंतीला जाऊन थडकली. मी तिथं नव्हतो, हे माणसाला पटवून देता येतं. तिला पाडणारा परत आला होता, एवढंच तिला कळत होतं.