खोडलेला सालदार

ती पुस्तिका दिसली की माझं डोकं अजूनही फिरतं.

माझी भाची बंगळुरूला संशोधन करते. माणसासारखं कुठलंही काम शिकणारं यंत्र घडवता येईल का, आणि घडलंच तर ते आपलं ऐकेल का, हा तिचा विषय. तिची आई, म्हणजे माझी मोठी बहीण, रिसोडजवळच्या खेड्यात शेती करते. मायलेकींचं फोनवरचं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नसे. "पोरगी आपलीच हाय, पन तिच्याशी बोलाले माह्यापाशी शब्दच नाई," असं ताई एकदा म्हणाली. ते मला फार लागलं.

त्यामुळे मंगरूळपीरच्या एका मंडळानं माझ्याकडे, निवृत्त विज्ञान शिक्षकाकडे, एजीआयवर, म्हणजे अशाच यंत्रावर, सोपी पुस्तिका मागितली, तेव्हा ती मी ताईसाठीच लिहिली. त्यात लिहिलं: मळणीयंत्र सोयाबीन काढतं, पण गाय अडली तर त्याचा काय उपयोग? पाडव्याला वर्षभरासाठी ठेवलेला सालदार मात्र वखर हाकतो, गुरं पाहतो, येत नाही ते शिकून घेतो. असं सगळ्या कामांचं यंत्र म्हणजे एजीआय. आणि त्या सालदाराच्या हाती घर देण्याआधी त्याची पारख कशी करायची, हे भाचीचं संशोधन.

मंडळाच्या संपादकांना सालदार खपला नाही. मला न विचारता त्यांनी तो खोडला. छापून आलं ते असं: 'मानवसदृश सर्वक्षेत्रीय बोधनक्षमतेचे यंत्राधिष्ठित प्रतिरूपण'. वर माझं नाव! मलाच ते वाक्य कळेना. फोन केला तर म्हणाले, "सर, विषयाला शोभेल अशी भाषा थोडी उंचावली." उंचावली कसली, शिंक्यावर टांगली. लोकांना कळलं तर आपल्याला कोण विचारील, ही भीती असते या माणसांना.

पुढच्या आठवड्यात ताईकडे गेलो. मंडळाकडून तिला पोचलेली पुस्तिका देव्हाऱ्यात होती, हळदीकुंकू वाहिलेली.

"वाचलीस?"

"लय डोकं लावलं. नाई समजली. मंग म्हटलं, पोरीच्या कामाची हाय, पायाखाली नको याले."

समजावी म्हणून लिहिलेल्या पुस्तिकेची पूजा झाली होती. पाणी प्यालो आणि तूर निवडणाऱ्या ताईसमोर बसून सालदाराची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तिचे हात थांबले.

"म्हंजे मालक घरी नसला तं तो कसा वागते, हे माही पोरगी पाहून राह्यली?"

"तेच."

तिनं लगेच फोन लावला. जेवणाचं विचारलंच नाही. "तुह्या सालदाराची पारख कशी करून राह्यली वं?" भाचीला आधी कळेना, तेव्हा ताईनं सालदार म्हणजे तिचं ते यंत्र, हे सांगितलं. मग भाची जी बोलायला लागली, ती थांबेचना. ताई मधूनमधून प्रश्न विचारत होती, हसत होती. सुपातली तूर तशीच राहिली.

फोन ठेवून तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. "इतकं सोपं होतं, तं यात काहून नाई लिवलं?"

"लिहिलं होतं."

"मंग कोनं काढलं?"

देवासमोर शिवी नको, म्हणून उत्तर देण्याआधी मी ताईला अंगणात नेलं.