कापसाची भिंत

काम ही जागा नसते, काम ही वृत्ती असते. आमच्या कंपनीच्या प्रमुखांनी हे वाक्य सगळ्या देशांतल्या सगळ्या माणसांसमोर, डोळे किंचित मिटून उच्चारलं, तेव्हा आम्ही आपापल्या घरी बसून मान डोलावली. काहींनी टाळ्यांची चित्रं पाठवली. पुढच्या आठवड्यात जागेविषयीचा अकरा पानांचा फॉर्म आला.

मी बंदरांवरच्या कारकुनांना सॉफ्टवेअर शिकवते. जहाजातून उतरलेला कंटेनर कुठे ठेवला, कुणी उचलला, कधी बाहेर गेला, याची नोंद कशी करायची ते मी त्यांना सांगते. त्यातले काही ब्राझीलमध्ये असतात, काही फिलिपिन्समध्ये, काही पोलंडमध्ये. मी आदिलाबाद जिल्ह्यात असते. आमच्या गावाहून बोथला, म्हणजे बाजाराच्या गावाला, जायला अर्धा तास लागतो आणि वाटेत कापसाची गाडी आडवी आली तर पाऊण. समुद्र मी आजवर दोनदा पाहिला आहे. दोन्ही वेळा त्यात जहाज नव्हतं. विद्यार्थ्यांना हे सांगायची वेळ कधी आली नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून हैदराबादहून आले होते. त्याला तीन वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी मी तिथली भाड्याची जागा सोडली, पलंग आणि कपाट शेजारणीला देऊन टाकलं. सकाळी आईला पायऱ्या उतरायला हात द्यायचा, मग पडद्यावर कंटेनर उतरवायचे, असा दिनक्रम बसला होता. तो मला आवडला होता, हे मी कंपनीला कधी कळवलं नाही. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

आवाज ही आमच्या कामातली मुख्य गोष्ट. माझे वर्ग रेकॉर्ड होतात आणि पुढे वर्षभर दाखवले जातात. आमच्या घरात पुढच्या खोलीत येणारे-जाणारे, मागे स्वयंपाकघर, आणि वर सगळीकडे टिनाचं छत. पहिल्या वर्षी कोणत्याही खोलीत बोललं तरी मी विहिरीतून बोलते आहे असं मनिलाच्या सहकाऱ्याला वाटायचं. तो सभ्य माणूस. "तुमचा आवाज भव्य येतो," एवढंच म्हणायचा.

उपाय अपघाताने सापडला. दिवाळीनंतर घरात पाहुणे होते, एकच खोली रिकामी होती, आणि तीही रिकामी नव्हती. आमच्याकडे वेचलेला कापूस विकेपर्यंत घरातच ठेवतात. पश्चिमेच्या खोलीत तो जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत भरला होता. दारापाशी खुर्ची-टेबल मावेल एवढी जागा होती. मी कापसाकडे पाठ करून बसले आणि वर्ग घेतला. संपल्यावर मनिलाचा सहकारी म्हणाला, "स्टुडिओ भाड्याने घेतला का?"

तेव्हापासून दर हिवाळ्यात माझा आवाज सुधारतो. कापूस आवाज गिळतो, परत देत नाही. त्याचा एकच दोष म्हणजे अंगाला खाज सुटते. चेहरा स्थिर ठेवून, कॅमेऱ्याच्या चौकटीखाली दोन्ही हातांनी खाजवत कंटेनरच्या नोंदी समजावून सांगणं मी त्या काळात शिकले. हे कौशल्य मी माझ्या वार्षिक अहवालात लिहिलेलं नाही.

तर तो फॉर्म. घरून काम करणाऱ्यांची परवानगी नव्याने तपासली जाणार होती. खोलीला दार हवं, विजेची पर्यायी सोय हवी, आवाज घुमता कामा नये. नापास झाल्यास महिन्याभरात जवळच्या कार्यालयात हजर व्हायचं, म्हणजे मी हैदराबादला. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : भिंतींना आवाज शोषून घेण्यासाठी काय लावलं आहे? पुढे पर्याय होते : फोम, जाड पडदे, लाकडी फळ्या, इतर. मी "इतर"वर खूण केली आणि समोर लिहिलं, "कापूस." खोलीचा फोटो मागितला होता, तो जोडला. त्यात मी होते आणि मागे पांढरं सगळं होतं. उत्तर आलं की व्यवस्था समाधानकारक दिसते, आता जानेवारीत व्हिडिओवर प्रत्यक्ष तपासणी होईल आणि खोली फोटोशी जुळली पाहिजे.

तपासणी गुरुवारी दुपारी दोनला ठरली. बाबांनी बोथच्या व्यापाऱ्याला गाडी घेऊन गुरुवारीच चारला यायला सांगितलं होतं. दोन्हींमध्ये दोन तास होते. एवढी सोयीची गोष्ट आमच्या घरात सहसा घडत नाही, म्हणून मी बुधवारपर्यंत कुणाला काही बोलले नाही.

आमच्या कंपनीला तिच्या कॅलेंडरचा फार अभिमान आहे. ज्याने त्याने आपापले सण त्यात घालायचे, बाकीच्यांनी त्यांचा आदर करायचा. मी एकदा पोळा घातला होता. हा बैलांच्या विश्रांतीचा दिवस आहे, असं खाली लिहिलं, तर ब्राझीलच्या एकाने विचारलं, एरवी बैलांना घरून काम करता येतं का? मी लिहिलं, ते घरीच राहतात, कामाला बाहेर जातात. त्यावर सगळ्या देशांतून हसरे चेहरे आले. बुधवारी संध्याकाळी याच कॅलेंडरने आपण होऊन माझी तपासणी शुक्रवारी ढकलली. तपासणी करणारी बाई पोलंडची आणि गुरुवारी त्यांच्याकडे नाताळनंतरचा तीन राजांचा सण.

बाबा अंगणात दोरी वळत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं की कापूस आणखी एक दिवस ठेवता येईल का.

"काऊन?"

"माझी तपासणी शुक्रवारी गेली. त्या बाईंच्या देशात उद्या सण आहे."

"मंग तिनं सण करावा. माह्या कापसाचं काय त्यात?"

"खोली फोटोसारखी दिसायला पाहिजे."

बाबांनी दोरी खाली ठेवली. "म्हंजे कंपनी कापूस पाहून राह्यली?"

"कापूस आहे हे त्यांना माहीत आहे. ढीग आहे हे माहीत नाही."

"तू काय सांगतलं त्याहिले?"

"भिंतीला कापूस आहे."

त्यांनी दोरी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "बाई, मी त्या माणसाले जबान देल्ली हाय. उद्या चार म्हंजे चार. भितीले गोधड्या टांग."

गोधड्या टांगून पाहिल्या. घरात सहा होत्या, त्यातल्या दोन वापरातल्या. मोबाइलवर आवाज भरून ऐकला. मी पुन्हा विहिरीत गेले होते, फक्त विहिरीला गोधड्या लावल्या होत्या. आई दारात खुर्ची टाकून हे सगळं पाहत होती. "नापास झाली तं काय करतील?" तिने विचारलं.

"हैदराबादला बोलावतील."

"कितीक दिवस?"

"कायमचं."

ती खुर्चीवरून उठली. गोधड्या तेवढ्या घडी करून ठेव म्हणाली.

गुरुवारी चार वाजले, गाडी आली नाही. वाटेत टायर बसला होता. आली तेव्हा पाच वाजून गेले होते. व्यापारी, ड्रायव्हर आणि दोन हमाल. हमालांनी चादरी अंथरल्या, कापूस ओढून गाठोडी बांधायला लागले, आणि माझी भिंत माझ्या डोळ्यांदेखत पाठीवरून बाहेर जाऊ लागली. मी पश्चिमेच्या खोलीतून टेबल, खुर्ची आणि दिवा उचलून ओसरीवर ठेवला. हैदराबादला जागा बघून देणाऱ्या माणसाचा नंबर अजून फोनमध्ये आहे का ते पाहिलं. होता.

निम्म्याहून थोडा जास्त कापूस गाडीत गेला होता. आई काठी टेकत देवापुढे गेली, दिवा लावला, परत आली आणि खोलीच्या दारात उभी राहिली. हमाल गाठोडं घेऊन निघाला होता तो थांबला.

"आता बस," आई म्हणाली. "दिवे लागले. दिवे लागल्यावर लक्षुमी घराभाईर जात नसते."

व्यापारी हिंदीवर आला. बाहेरच्यांशी आणि अडचणीत तो हिंदीच बोलतो. "अम्मा, बस आधा घंटा."

"आधा नाई और पाव नाई. दिवा लगाया मैंने."

"तो कल सुबह?"

"कल शुक्रवार. लक्षुमी का दिन. शुक्रवार को तो हम किसी को दही नहीं देते, कापूस देंगे क्या?"

"परसों?"

आईने बाबांकडे पाहिलं. शनिवारी घरातून माल काढायचा नाही हा नियम बाबांचा, तो त्यांच्या वडिलांपासूनचा. बाबा म्हणाले, "शनिवारी नाही." रविवारी जिनिंग, म्हणजे सरकी काढायची गिरणी, बंद. व्यापाऱ्याने गाडीकडे पाहिलं, ड्रायव्हरला तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्यातला "सोमवारम" तेवढा मला कळला. मग आईला हात जोडून म्हणाला, "अम्मा, आप का कैलेंडर बहुत कड़क है." अर्धी भरलेली गाडी घेऊन ते गेले.

बाबा ओसरीवर बसले. "माही अर्धी जबान गेली," ते म्हणाले. थोड्या वेळाने उठले, पश्चिमेच्या खोलीत गेले आणि उरलेला कापूस दोन्ही हातांनी मागच्या भिंतीकडे लोटायला लागले. समोरून तो घसरत होता म्हणून त्यांनी गोठ्यातली फळी आणून आडवी लावली. "फोटूत किती उच्चा होता?" त्यांनी विचारलं. मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला, मग ढीग पाहिला आणि म्हणाले, "खुर्ची पुढं घे अन् कॅमेरा खालून लाव." बाबा आयुष्यात एकदाही व्हिडिओवर बोललेले नाहीत.

मी आईला विचारलं, "मागच्या साली तर रात्री आठपर्यंत गाडी भरली होती. तेव्हा काही बोलली नाहीस."

"तवा माहे गुडघे लई दुखत व्हते," आई म्हणाली. "ध्यान नोतं राह्यलं." आणि भाजी चिरायला लागली.

शुक्रवारी दोनला पोलंडच्या बाई आल्या. आदल्या दिवशीच्या बदलाबद्दल त्यांनी माफी मागितली आणि वेगवेगळ्या सणांचा मान ठेवणं आपल्या संस्थेत किती महत्त्वाचं आहे, हे थोडक्यात सांगितलं. मी म्हटलं, आमच्याही घरी तसंच आहे. मग त्यांनी मला टाळी वाजवायला सांगितली. मी वाजवली. मोठ्याने एक परिच्छेद वाचायला सांगितला, तो वाचला. त्या हेडफोन दाबून ऐकत होत्या. दाराबाहेर बाबा उभे होते. टाळी ऐकून ते आत डोकावणार होते, आईने त्यांना काठीने अडवलं असं मला नंतर कळलं.

"अप्रतिम," बाई म्हणाल्या. "अजिबात घुमत नाही. मागे जे आहे ते संपूर्ण नैसर्गिक आहे?"

"संपूर्ण."

"स्थानिक?"

"इथून दोन शेतं पलीकडचं."

"कुणी बसवलं?"

"वडिलांनी. काल संध्याकाळी पुन्हा नीट केलं."

त्या लिहीत होत्या. "वर्षभर असंच राहतं का?"

इथे मी थांबले. खोटं बोलायचं नव्हतं आणि हैदराबादलाही जायचं नव्हतं. म्हटलं, "नैसर्गिक असल्यामुळे हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतं. उन्हाळ्यात जवळजवळ दिसत नाही. दिवाळीनंतर परत येतं."

"जिवंत भिंत," त्या म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं. मग त्यांनी माझे जुने रेकॉर्ड केलेले वर्ग काढले. उन्हाळ्यातले काही वर्ग जरा भव्य वाटतात, असं त्या म्हणाल्याच. मी म्हटलं, ते वर्ग पुन्हा हिवाळ्यात रेकॉर्ड करून देते. शिकवणं उन्हाळ्यात, रेकॉर्डिंग हिवाळ्यात, अशी विभागणी त्यांना पटली. ब्राझीलच्या लोकांना तशीही डिसेंबरात सुट्टी असते.

दहा दिवसांनी परवानगीचं पत्र आलं. तीन वर्षांसाठी. त्याबरोबर सगळ्यांना एक परिपत्रकही गेलं. त्यात प्रमुखांचं वृत्तीविषयीचं वाक्य ठळक अक्षरांत होतं आणि खाली माझ्या खोलीचा फोटो : स्थानिक साहित्यातून, कुटुंबाच्या सहभागाने, पर्यावरणाला धक्का न लावता उभारलेलं आदर्श गृहकार्यालय. मनिलाच्या सहकाऱ्याने विचारलं की अशी भिंत त्यालाही बसवता येईल का. मी कळवलं, पाच एकर लागतात.

ते पत्र मी आईला वाचून दाखवलं. कुटुंबाचा सहभाग असं म्हटलंय, हेही सांगितलं. "बरं," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला हात पुढे केला.

फोटोतली भिंत तोवर गेली होती. सोमवारी ठरल्याप्रमाणे गाडी आली होती. दिवे लागायच्या आत, दुपारी तीनला. जिनिंगवर गुरुवारच्या निम्म्या कापसात ओलावा बरोबर निघाला होता, सोमवारच्या निम्म्यात जास्त निघाला. खोली तीच, कापूस तोच, तर असं का, हे व्यापाऱ्याला कळेना. बाबांनी त्याला सांगितलं की पोरगी कापसापाशी दार लावून बोलत होती, तिच्या तोंडची वाफ लागली असणार.