आबांच्या ओट्यावरून जाताना

इंदापुरातल्या माझ्या घरमालकांच्या, म्हणजे आबांच्या ओट्यावरून न बसता पुढे गेलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. माणसाचं सोडा, साक्षात यमदूत जरी तिकडून निघाला असता तरी आबांनी त्याला घोंगडीवर बसवून गूळपाणी दिलं असतं आणि वर बायकापोरांची चौकशी केली असती. आपल्याकडे कामाला निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारू नये असा दंडक आहे. विचारलंच तर काम फिसकटतं. मग त्याने मागं फिरावं, घटकाभर टेकावं, पाणी प्यावं आणि नव्याने निघावं. हा दंडक सगळा गाव पाळायचा आणि आबा त्याच्या जिवावर जगायचे. बारामतीच्या रस्त्याला लागूनच त्यांचं घर. सकाळी पेरूच्या बागेला पाणी सोडून आले की ओट्यावर बसायचे, आणि कुणी लगबगीने निघालेला दिसला की अगदी मायेने हाक मारायचे, “का वं, कुठं निघालात?” झालं! तो बिचारा कपाळाला हात लावून वहाणा काढायचा.

एकदा सणसरला निघालेलं अख्खं वऱ्हाड त्यांनी असं बसवलं. नवरदेव बाशिंग बांधून घोंगडीवर, करवल्या पायरीवर, वाजंत्री रस्त्यात. आबांची सून गूळ फोडून फोडून दमली. नवऱ्याचा मामा दातओठ खात होता, आणि आबा नवरदेवाला पेरूच्या छाटणीविषयी चार समजुतीच्या गोष्टी सांगत होते. कचेरीतला पट्टेवाला तर तातडीचं टपाल घेऊन निघताना घरूनच पाणी न पिता यायचा. मी एकदा न राहवून म्हटलं, आबा, विचारू नये हे ठाऊक असून तुम्ही विचारता कसं? तर म्हणाले, “ध्यानातच ऱ्हात न्हाय बघा. वय झालं आता.” या विसरभोळ्या माणसाला बागेतलं कुठलं झाड कुठल्या साली वठलं ते तोंडपाठ होतं. मी कपाळाला हात लावला.

स्वतः मात्र ते कुठंच जात नसत. लेकी सासरी गेल्या, कारभारीण देवाघरी गेली, मुलगा दिवसभर रानात. आबा बारामतीच्या पुढे कधी गेले नव्हते. पुण्याला चला म्हटलं की म्हणायचे, तिकडं आपल्याला वळखतंय कोण? मी पाटबंधारे खात्यात हंगामी नोकरीला होतो, पाण्याखालची रानं मोजत उन्हातान्हात हिंडायचो. संध्याकाळी परतलो की जेवण त्यांच्याच पंगतीला. भाड्याच्या खोलीत मी फक्त निजायला जायचो म्हटलं तरी चालेल.

आणि एक दिवस नाशिकला कायमची जागा मिळाल्याचा हुकूम आला. मंदीचे दिवस होते. शिकलेली पोरं नोकरीसाठी वणवण फिरत होती. सोमवारी सकाळी हजर झालो नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. त्यात माझं लग्नही याच जागेवर अडलेलं. मुलीचे वडील, कायम झालात की बघू, असं स्वच्छ सांगून मोकळे झालेले. इंदापुराहून सकाळची मोटार, बारामतीला छोटी आगगाडी, दौंडला मोठी. एक चुकली की पुढचं सगळं मुसळ केरात. मी आबांना हे सारं समजावून सांगितलं आणि हात जोडून म्हटलं, उद्या तेवढं विचारू नका. आबांना रागच आला. “म्या कशापायी इचारीन? नाशकाला चाललाय, ठावं हाय की मला.”

सकाळी पाहतो तर आबा गालात पानाचा एवढा मोठा तोबरा भरून बसलेले. तोंडावर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता. मोटार दारात आली. ड्रायव्हरने खाली उडी मारली, पायरीवर टेकला आणि आत सुनेला गूळपाण्याची वर्दी दिली. त्याच्या मागोमाग सगळे उतारूही उतरले. रोजची सवय! कुणी विचारलंय की नाही याची पंचाईत कुणालाच नव्हती. आबा दोन्ही हातांनी ‘चला, चढा’ अशा खुणा करू लागले. लोकांना वाटलं, सरकून बसा म्हणताहेत. सगळे सरकून ऐसपैस बसले. एका म्हातारीने तर पुरचुंडीतली भाकरी काढली. तिकडे बारामतीची गाडी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

आबा उठले, रस्त्याच्या कडेला गेले, सगळं पान थुंकून टाकलं आणि परत येऊन म्हणाले, “उठा. भाऊसायबांची गाडी चुकली तर त्येंची नवरी हातची जाईल.” मी लाजेने अर्धा झालो, पण माणसं भराभरा उठली. म्हातारी भाकरी हातात घेऊनच चढली. ड्रायव्हरने हँडल मारलं. सुनेने माझ्या हातावर दही घातलं. आता गाडी मिळणार, एवढं नक्की झालं. मला केवढं हायसं वाटलं, आणि दही चाटून मी मोटारीत चढलो.

आबा मोटारीच्या कडेला येऊन दांडी धरून उभे राहिले. मी काहीबाही बोलत होतो, प्रकृतीला जपा, पत्र टाकीन, असलं. ते ऐकत नव्हते. मधेच म्हणाले, “परत कवा यायचं?”

हंगामी माणूस मी. तिथलं माझं काम संपलेलं. पुन्हा त्या गावाला जायला निमित्त कुठलं असणार? पण तसं कसं सांगायचं? मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल तेव्हा, आबा.”

“मग उतरा की खाली.”

मोटारीतले सगळे हसले. मीही हसलो. आबा तेवढे हसले नाहीत. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला, तेव्हा कुठे त्यांनी दांडी सोडली.