गिराण कुणाला लागतं

शाळेच्या पायरीवर पाटलीणबाईनं माझ्या लेकीची बाही वर केली. दोन बोटांनी, घाण चिंधी उचलावी तशी. कोपराखाली हात न्हाई, ते गुरुजीला दाखवलं.

"हिला घरीच ठिवा गुरुजी. इथून आमच्या गरवार सुना-लेकी येत्यात-जात्यात. नजर पडली म्हंजी?"

मंग माझ्याकडं वळली. "गिराणात इळा धरलास. आता भोग."

लेकरू सहा वर्साचं. पहिलीत नाव घालायला आणलं होतं. लातूर जिल्हा होऊन चार वर्सं झालती. जिल्हा आमच्या गावापोतर आला न्हवता, दुष्काळ मात्र न चुकता आलता. पाण्याचा टँकर पाटलाच्या दारात हुभा राहायचा. म्हणून गुरुजीनं रजिस्टर मिटलं आन् खाली बघत बसला. शिकलेला माणूस.

ते गिराण मला चांगलं ध्यानात हाय. दुपारचं सूर्यगिराण. मला सातवा, पाटलाच्या सुनंलाबी सातवाच. तिला खोलीत कोंडलं, खिडकीला घोंगडी लावली, सुईसुदिक हाती दिली न्हाई. इकडं रानात ज्वारी काढून पडलेली, आन् कणसं कापायला गावातली एक बाई येईना. तवा हीच पाटलीण आमच्या बौद्धवाड्यात आली. म्हणली, "तुमी बुद्ध झालाव ना? तुमाला कशाचं गिराण? चला." इळा माझ्या हातात हिनंच दिला. आमचा धर्म हिला कणसं कापण्यापुरता पटला. आन् आता चोराच्या उलट्या बोंबा.

खरं सांगते, सहा वर्सं मीबी तेच मानलं. विहारात वंदना म्हणायची आन् मनात त्या इळ्याला शिव्या द्यायची. लेकराला उन्हाळ्यातबी लांब बाह्याचं झंपर घालायची, कुणाला दिसू नये म्हणून. माझी मलाच लाज वाटती त्याची.

शाळेच्या आदल्या महिन्यात लातूरच्या दवाखान्यात अपंगाच्या सर्टिफिकेटाला गेले. डॉक्टरीणबाईला भीत भीत इचारलं. ती म्हणली, "बाळाचा हात पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतो. सातव्यात तुम्ही काय धरलं, त्याचा काही संबंध नाही." मी तिथंच भिताडाला टेकून रडले. लाईनीत उदगीरकडची एक बाई होती, तिच्या पोराचा एक पाय गुडघ्यापोतरच. ती जवळ येऊन बसली. म्हणली, "अक्का, झाकू नको. आपुन झाकलं की लोकान्ला वाटतं, कायतरी पाप हाय."

पायरीवर मी लेकीची बाही दंडापोतर दुमडली.

"पाटलीणबाई, सून कोंडून ठिवलीत आन् इळा मला दिलात. पाप असंल तर तुमचं. पन डॉक्टर म्हणली, पाप न्हाईच. मंग उरलं काय? तुमचा हलकटपणा."

जन्मात तिला असं कुणी बोललं नसंल. पदर सावरून म्हणली, "टँकरवर घागर घेऊन येशील ना?"

झालं. एवढीच हिची पोच. देवधर्म, नजर, गिराण, सगळं घागरीपोतर.

मी गुरुजीला म्हणलं, "नाव घाला," आन् दारात बसले. लेकीला मांडीवर घेतलं. पाणी दोन कोसावरनं डोक्यावर आणीन. माझी लेक ह्याच शाळेत बसंल, म्होरच्या रांगेत, उघड्या हातानं. जिला भ्या वाटतं, तिनं वाट बदलावी.