पंप वाढवायला चारकोपला

लोक मुंबईला समुद्र बघायला जातात, लग्नाचा बस्ता बांधायला जातात. मी गेले ट्रकचा पंप वाढवायला, म्हणजे इंजिनाला जास्त डिझेल मिळेल असा करून आणायला. घोटीच्या मैत्रिणी अजून विचारतात, "काय काय पाहिलंस गं?" तर ऐका.

गाडी आमच्या वडिलांची. चालवतो माझा धाकटा भाऊ बाळू. गावच्या शेठच्या गिरणीचा तांदूळ मुलुंडच्या गोदामात उतरवायचा आणि परतताना त्यांच्याच दुकानासाठी फरशी भरून आणायची, हे त्याचं काम. जाताना उतार असतो, येताना कसारा घाट. गेले काही महिने गाडी भरल्या मालाने घाटात नुसती रांगत होती. शेवटी शेठने सुनावलं, "बाळू, या खेपेला रखडलास तर पुढचा माल दुसऱ्या गाडीत." बाळूला गाडीशिवाय दुसरं काही येत नाही. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही जा सोबत, हे टेन्शनमध्ये जेवत नाहीत." शिलाईची मशीन झाकून ठेवली आणि पहाटे केबिनमध्ये चढले.

चढताना वर पाहिलं. केबिनच्या मागून एक जाड नळी वर गेलेली असते, डोक्यावर टोपी असलेली. इंजिन तिच्यातून हवा ओढतं. त्या टोपीला वहिनीने देवीची साडी गुंडाळली होती, देवीच्या अंगावरून उतरलेली, प्रसाद म्हणून मिळालेली. आमची मुक्ता, बाळूची पोरगी, काही महिन्यांपूर्वी तापाने दवाखान्यात निपचित पडली होती तेव्हा नवस बोलला गेला. पोरगी उठून बसली. साडी चैत्राच्या जत्रेपर्यंत गाडीवर ठेवायची, आणि देवीचं वस्त्र कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून सगळ्यात उंच जागी. गाडीवर सगळ्यात उंच ती टोपीच. जाड काठापदराची साडी, घड्या घालून करकचून बांधलेली.

मुलुंडच्या नाक्यावर गाड्यांच्या गर्दीत सकाळ गेली. गोदामातल्या हमालांनी पोती उतरवली, मुकादम म्हणाला, "ताई, गावाला एसटीने जा ना, कशाला हाडं खिळखिळी करून घेता?" खरंच होतं त्याचं. तिथून घोडबंदर रस्त्याने आम्ही पश्चिमेला निघालो. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडी, आणि त्या दोघांना झाकत चाललेले टॉवर. गायमुखच्या साध्या चढाला रिकामी गाडीसुद्धा खोकली. बाळू स्टिअरिंगवर हात मारून म्हणाला, "पंपच बसलाय हिचा."

चारकोपला सावंतांचं डिझेल पंपांच्या दुरुस्तीचं दुकान. दारात ग्रीसचा चिखल आणि आत एकदम देवघरासारखं स्वच्छ, कारण पंपात धुळीचा कण चालत नाही. सावंत मालवणकडचे, वडील कापडगिरणीत होते, हे स्वतः इथेच वाढलेले. तोंड फाटकं. गाडीभोवती एक चक्कर मारली, वर बघितलं आणि म्हणाले, "ह्या काय? लुगडा कित्याक नेसवलंस हिका?"

बाळूने नवसाचं सांगितलं.

"अरे येड्या, नाक दाबून घास भरवतोयस. डिझेल जळायला हवा नको? काढ ते फडकं, फिल्टर झटक, गाडी पळेल. पंपाला धाड नाही भरलेली."

मला हायसं वाटलं. इतका लांबचा प्रवास आणि उपाय एका गाठीचा! "सोड रे बाळू," मी म्हटलं, "वहिनीला मी सांगते. साडी केबिनमध्ये ठेवू, देवी काही रागवत नाही."

तो गाडीच्या आडवा उभा राहिला. "ताई, मुक्ताच्या जिवाशी खेळू नकोस. चैत्राआधी हात लावणार नाही मी. दादा, तुम्ही पंप वाढवा."

"डिझेल जास्त, हवा कमी. इंजिन तापणार."

"तापू दे. घाट चढला पाहिजे."

सावंतांनी खांदे उडवले. "तुझी गाडी, तुझी देवी. मी पंपवाला." आणि बसले ना कामाला! एवढं सगळं कळत असून बसले. मला त्या माणसाचा आजही राग येतो. न कळणाऱ्यावर निदान रागावता येत नाही.

पंप उतरवून बेंचवर चढवला. डिझेलचं माप ठरवणारा एक स्क्रू असतो, त्यावर कंपनीचं शिशाचं सील. कुणी छेडू नये म्हणूनच ते असतं. सावंतांनी ते पक्कडने तोडलं आणि खाली टाकलं. "आता कंपनी जबाबदार नाय, आणि मी पण नाय," म्हणाले. बाळूने मान डोलावली, जसा काही देवळात उभा आहे.

दुपारी शेजारच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं (तिरफळ घातलेलं, कमी रश्शाचं कालवण) आणि सोलकढी. झकास होतं, खोटं का बोलू? बाळूने दोन घास खाऊन ताट सरकवलं. त्याचे बांगडेही मीच खाल्ले.

उन्हं उतरल्यावर पंप जागेवर बसला. सावंतांनी गाडी चालू करून रेस दिली आणि मागून काळाकुट्ट धूर निघाला तो समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांवर. पहिल्या मजल्यावरची बाई वाळत घातलेले कपडे ओढत बाहेर आली. जालन्याकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. "ए सावंत! किती वेळा सांगायचं रे? पोराला दमा आहे माझ्या!" मग मला बघून म्हणाली, "बाई असून तुम्ही पण? तुम्ही जाता निघून गावाला, हे आम्हीच गिळतो रोज." मुक्तासाठी साडी राहिली, हिच्या पोराच्या नाकात धूर गेला. बाळू मात्र खुशीत होता. "आवाज बघ ताई, आवाज!" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला फरशी भरली. गाडी काय ओढत होती सांगू! बाळू गाणं म्हणत होता, कितीतरी महिन्यांनी. भिवंडी, शहापूर मागे पडलं. कसारा घाटाची पहिली वळणं तिने अशी घेतली की मलाच वाटलं, आपण उगाच घाबरलो. मागे बघितलं तर रस्ता दिसत नव्हता, नुसता धूर. तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला. "थांब रे," मी ओरडले. "अजून दोन वळणं," तो म्हणाला. तेवढ्यात खाडकन आवाज झाला, गाडी थरथरली आणि इंजिन बसलं. बाळूने हँडब्रेक खेचला, मी खाली उडी मारून चाकाला दगड लावला. वर साडी मजेत होती, तिचं एक टोक वाऱ्यावर उडत होतं.

पिस्टन वितळला होता, हे नंतर मेस्त्रीने सांगितलं. इंजिन गेलं. बाळू रस्त्यातच गाडीसमोर उभा राहिला, साडीकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "जिवावरचं गाडीवर निभावलं, ताई. देवीनेच वाचवलं." वाट लागली होती आमची, आणि हा आभार मानत होता. मला हसावं की रडावं कळेना. फरशी शेठच्या स्वतःच्या ट्रकमध्ये चढवून पाठवली. शेठने पुढची खेपही त्याच ट्रकला दिली.

घोटीला पोचले तेव्हा मुक्ता दारातच होती, धडधाकट, दोन वेण्या घातलेली. तिला पोटाशी धरलं आणि सगळा राग क्षणभर विरघळला. क्षणभरच.

गावात सगळे म्हणतात, देवीने राखलं. सावंतांचं म्हणणं मी सांगते तेव्हा लोक विषय बदलतात. वडिलांची गाडी भंगारात गेली. आता बाळू शेठचा पगारी ड्रायव्हर आहे, आणि चालवतो तोच ट्रक, ज्याने आमचं काम नेलं.

त्या ट्रकवरच्या पहिल्या दिवशी वहिनी जुन्या गाडीवरून उतरवलेली तीच साडी घेऊन आली, जत्रा अजून व्हायची होती. बाळूने शिडी लावली. मी ती साडी वहिनीच्या हातातून घेतली, केबिनमध्ये चढले आणि आतल्या आरशाच्या दांडीला बांधली. पक्की, शिंप्याची गाठ.

"ताई, उंच बांधतात," वहिनी म्हणाली.

"इथेच राहील," मी म्हटलं.

त्या दिवसापासून वहिनी माझ्याशी बोलत नाही. मुक्तालाही माझ्याकडे पाठवत नाही. गाडी मात्र घाट चढते.